पाठीवरचा पाचवा हिस्सा

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या खात्याचा काहीही दोष नाही आणि तसं लेखी द्यायलाही मी तयार आहे. बाजारातला कुठलाही तराजू मला पाहिल्यावर किंचित थरथरतो. काट्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोकळ केलेलं वजन, पारड्याच्या पोटाला फासलेलं मेण, मालाबरोबर सहज टेकवलेला अंगठा, यातलं काहीही माझ्या नजरेतून सुटत नाही. अशा माणसाला स्वतःच्या मुलीची एक बॅग नीट भरता येऊ नये, यावर आमच्या कचेरीत अजूनही कुणाचा विश्वास बसत नाही. मीही तो बसवायचा प्रयत्न करत नाही.

आमची कन्या आठवीत आहे आणि अंगाने इतकी बारीक की समोरच्या काकू तिला काडी म्हणतात. तिच्या शाळेत भूगोलाच्या बाई भटकंती मंडळ चालवतात. मुलांना डोंगर पुस्तकात न दाखवता डोंगरावर दाखवायचे, अशी काहीतरी त्यांची जुनाट कल्पना आहे. पहिली सहल एका दिवसाची होती. सकाळी निघायचं, टेकडी चढायची, डबा खायचा आणि संध्याकाळी घरी. सोबत काय आणायचं ते बाईंनी कळवलं होतं: पाणी, डबा, टोपी, एक जाकीट आणि शिट्टी.

ते वाचून बायको म्हणाली, "एवढंच?"

पुढच्या सगळ्या संकटांचं मूळ या एका शब्दात आहे. एक बाटली पुरली नाही तर म्हणून दुसरी घेतली आणि या दोन्ही दरीत पडल्या तर म्हणून तिसरी. रेनकोट घेतला, तो फाटला तर म्हणून छत्री घेतली आणि छत्री उलटी झाली तर म्हणून ताडपत्रीचा तुकडा. मी माझी बॅटरी ठेवली. "बाबा, दिवसाची सहल आहे," कन्या म्हणाली. "दिवस लांबला तर?" मी विचारलं. बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे औषधांचा डबा तिने भरला. त्यात गुडघेदुखीचं मलमही होतं. आठवीच्या मुलांचे गुडघे कसे दुखतील, असं मी विचारलं तर म्हणाली, "अहो, सोबत शिक्षक नसतात का?"

अर्ध्या टेकडीवर बॅग खाली बसली आणि मुलगी तिला बांधलेली असल्यामुळे तीही बसली. उरलेली टेकडी ती बॅग बाईंनी पाठीवर नेली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "तुमच्या मुलीने छान केलं," त्या म्हणाल्या. "बॅगेने नाही केलं."

नंतर मुक्कामाची सहल जाहीर झाली आणि तिच्याबरोबर बाईंचा नवा नियमही. मुक्कामाला झोपायची पिशवी, खालची चटई, गरम कपडे, ताटली आणि तंबूचा आपल्या वाट्याचा भाग एवढं न्यावंच लागणार. पण बॅगेचं एकूण वजन ती वाहणाऱ्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त चालणार नाही. निघायच्या दिवशी शाळेच्या फाटकात वजन होईल. बॅग जड भरली तर बॅग परत नाही, मूल परत. आणि परत गेलेलं मूल वर्षभर मंडळात नाही.

कन्येचा चेहरा उतरला. तिच्या सगळ्या मैत्रिणी जाणार होत्या, एका तंबूत कोण कोण झोपणार हेही ठरलं होतं.

"बाबा, यावेळी बॅग मी भरते," ती म्हणाली.

"तू अभ्यास कर," मी म्हणालो.

पालकसभेत एका वडिलांनी उभं राहून विचारलं, "शाळेचा काटा बरोबर आहे कशावरून?" आपली माणसं मुलाला बाईंच्या हवाली करून डोंगरावर बेधडक पाठवतील, पण काट्यावर विश्वास ठेवणार नाहीत. सभेत कुजबुज झाली आणि बाईंची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी उभा राहिलो. सरकारी काटा, सरकारी मोहोर आणि मी स्वतः, असं मी सभेला सांगितलं. टाळ्या झाल्या. टाळ्यांच्या आवाजात बाई पुढे म्हणाल्या, "आणि एका पालकाने सोबत यायचं आहे, तर तेही तुम्हीच या," ते मला खाली बसल्यावर समजलं. पद आधी स्वीकारायचं आणि कामाचं स्वरूप मागाहून वाचायचं, ही नोकरीतली सवय मला तिथे भोवली.

तर कन्येचं वजन पस्तीस किलो. पाचवा हिस्सा सात.

पहिल्याच संध्याकाळी मेहुणा आला. लग्नाआधी तो एकदा कुठल्याशा सुळक्यावर अर्ध्यापर्यंत गेला होता, तेव्हापासून घरात गिर्यारोहणाबाबत शेवटचा शब्द त्याचाच असतो. त्याने स्वतःची जुनी पाठपिशवी आणली होती. तिला इतके पट्टे, बंद आणि कड्या होत्या की ती पाठीवर घ्यायची की तिच्यावर स्वार व्हायचं, हे कळेना. कन्येच्या पाठीवर ती चढवल्यावर मागून फक्त दोन पावलं दिसत होती.

"भाऊजी, सामान नंतर. आधी पिशवी प्रोफेशनल पाहिजे," मेहुणा म्हणाला.

मी ती रिकामी पिशवी घरातल्या काट्यावर ठेवली. सातातले तीन किलो तिने एकटीनेच खाल्ले होते.

तेवढ्यात काकू आल्या. आमच्या घरात मोठ्याने बोललेलं सगळं त्यांना समोरच्या दारातून ऐकू जातं आणि हळू बोललेलं त्या येऊन विचारतात. त्यांच्या हातात रजई होती. "झोपायच्या पिशव्या बाजारात मिळतात, ऊब मिळत नाही," त्या म्हणाल्या. "ही घेऊन जा काडी, हिच्यात माझी तीन पोरं वाढली." रजईचं वजन पाहता ती अजून तिच्यातच असावीत.

बायको औषधांचा डबा घेऊन आली. सात किलोंची मर्यादा मी तिला समजावली, तेव्हा तिने आतली कापसाची पुडी काढली आणि "झालं हलकं" म्हणून झाकण लावलं.

"मी भरते ना," कन्या म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस, मोठी माणसं तुझ्याबद्दलच बोलतायत," मामाने तिला गप्प केलं.

बेरीज अकरा किलोंच्या आसपास आली. मी शास्त्रीय पद्धतीने कामाला लागलो. टॉवेल कापून अर्धा केला. साबणाची वडी अर्धी केली. टूथब्रशची दांडी करवतीने कापली आणि कापून झाल्यावर तो बायकोचा ब्रश असल्याचं बायकोने सांगितलं. पुढे दोन दिवस ती दात घासताना माझ्याकडे एकटक पाहत असे. एवढं करून काटा जेमतेम पाव किलो हलला. कमी करता येण्याजोगं सगळं क्षुल्लक होतं, आणि जे जड होतं त्यातली प्रत्येक वस्तू कुणा ना कुणाच्या मायेची होती.

शेवटी काकूंनीच तोडगा काढला. "बॅग हलकी होत नाही ना? मग पोरगी जड करा."

गणितात चूक नव्हती. पाचवा हिस्सा वाढवायचा तर मूळ आकडा वाढवायचा. त्या दिवसापासून कन्येला सकाळी केळी, दुपारी लोणी-पाव आणि झोपताना मोठा पेला दूध सुरू झालं. ती एक केळं खाई आणि दुसरं अर्धवट टाकून पळे. अन्न वाया घालवायचं नाही, हा आमच्या घरचा संस्कार असल्यामुळे उरलेलं मी संपवत असे. दूधही. लोणीही. सहलीच्या आदल्या दिवशी दोघांना काट्यावर उभं केलं. कन्या होती तिथेच होती. मी मात्र थेट नव्वदावर पोचलो होतो.

"आता एकच मार्ग," मेहुणा आवाज खाली आणून म्हणाला. "जे बॅगेत मावत नाही, ते अंगावर."

तीन स्वेटर, त्यावर जाकीट आणि त्यावर बायकोचा जुना कोट. खिशांतून बॅटरी, सेल, औषधांच्या बाटल्या. कमरेला चटई. रजईचं काय करायचं यावर चर्चा चालू होती. कन्या सोफ्याच्या गुबगुबीत खुर्चीसारखी मधोमध उभी होती, हात खाली येत नव्हते. वजन घेताना माल फुगवून दाखवणं, याला आमच्या कायद्यात चांगलं लांबलचक नाव आहे. त्याच नावाखाली मी कित्येक दुकानदारांना रडवलेलं आहे. म्हणून मी उठून गॅलरीत गेलो आणि समोरच्या इमारतीतल्या कुंड्या मोजत उभा राहिलो. मी पाहिलं नाही, मी बोललो नाही. मी फक्त थोडा वेळ घरात नव्हतो.

सहलीच्या सकाळी मी कचेरीच्या गाडीतून काटा घेऊन पुढे गेलो. कन्येला आणि आमच्या दोघांच्या बॅगा घेऊन मेहुणा मागून येणार होता. फाटकात टेबल मांडलं, काटा समपातळीत आणला, सगळ्या पालकांसमक्ष प्रमाण वजन ठेवून तो बरोबर असल्याचं दाखवलं. बाईंनी मान डोलावली. मला बरं वाटलं. त्या दिवसातला बरं वाटण्याचा तो शेवटचा प्रसंग.

कारण मुलं येऊ लागली आणि रस्त्यावरून जणू चेंडू घरंगळत येत होते. एकजात सगळी गोल. एकाला दोन पँटी होत्या, त्यामुळे तो गुडघ्यात न वाकता सरळ पाय टाकत होता. एक मुलगी चालताना खुळखुळत होती. एकाच्या टोपीखाली काहीतरी जड असावं, कारण तो मान अजिबात हलवत नव्हता. आमच्या दिवाणखान्यात लागलेला तो थोर शोध प्रत्येक दिवाणखान्यात स्वतंत्रपणे लागला होता.

"साहेब, हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

काय आहे ते माझ्याइतकं कुणाला कळणार? पण समोर सगळे पालक, मागे सरकारी मोहोर. मी घसा साफ केला आणि आयुष्यातला सर्वांत कठोर आदेश दिला. "कोट उतरवा. खिसे रिकामे करा."

टेबलाशेजारी ढीग जमू लागला. इस्त्री निघाली. हो, इस्त्री. एकाच्या छातीशी शब्दकोश निघाला. ज्यांच्या बॅगा जड भरत होत्या त्यांच्या आया तिथेच सामान काढू लागल्या, कारण बाईंनी "फाटक बंद होईपर्यंत मुदत" असं जाहीर केलं होतं. मी एकेक वजन पुकारत होतो आणि एक डोळा रस्त्यावर ठेवून होतो. आता माझी मुलगी येणार, तीही गोल. सगळ्यांसमोर मी तिला कोट उतरवायला सांगणार, मामाच्या पिशवीतला अकरा किलोंचा संसार काट्यावर येणार आणि मुदत संपत आलेली असणार. मी तिला परत पाठवणार की अंगठ्याने काटा उचलून धरणार? वर्षानुवर्षं मी दुसऱ्यांच्या अंगठ्यांकडे पाहिलं होतं. त्या सकाळी पहिल्यांदाच मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात मेहुणा आला, घामाघूम. त्याच्याबरोबर कन्या. साधा सदरा, एक जाकीट, पाठीवर तिची शाळेचीच मोठी बॅग, तिच्याखाली गुंडाळून बांधलेली चटई. मी बघतच राहिलो. काट्यावर ती उभी राहिली: पस्तीस. बॅग ठेवली: साडेसहा.

"पुढे," मी म्हणालो.

"बाबा, काल मी सगळं काढून परत भरलं," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "तू झोपल्यावर."

"आणि बाकीचं?"

तिने मेहुण्याकडे बोट दाखवलं. तो माझी बॅग दोन्ही हातांनी फरपटत आणत होता. बॅग म्हणजे त्याचीच ती प्रोफेशनल पिशवी. "भाऊजी, घेतलंय काय एवढं?"

"सगळ्यांनी प्रेमाने दिलेलं होतं, टाकवेना," कन्या म्हणाली. "म्हणून तुझ्यात ठेवलं."

बाई म्हणाल्या, "साहेब, नियम सगळ्यांना." मला मनातून आनंदच झाला. बॅग जड भरणार, मी परत जाणार, घरी जाऊन झोपणार. मी काट्यावर उभा राहिलो. केळी, दूध आणि लोणी यांनी आपलं काम चोख केलं होतं. नव्वद, भागिले पाच. बॅग ठेवली. बसत होती. म्हणजे आणखी एक चमचा बसला नसता, पण कायद्यात चोख बसत होती.

"मी हिशोब केला होता," कन्या म्हणाली आणि मैत्रिणींकडे पळाली.

इथेच मी थांबायला हवं होतं. पण वजन झालेल्या बॅगांत आया मागच्या बाजूने पुडकी सरकवताना मला दिसल्या. एक वडील तर कुंपणावरून बूट टाकत होते. अनुभवाने सांगतो, खरी लबाडी वजन झाल्यावर सुरू होते. मी कचेरीच्या पेटीतून सीलची तार आणि शिशाच्या गोळ्या काढल्या. प्रत्येक बॅगेच्या चेनला तार ओवायची, गोळी लावायची, चिमट्याने दाबायची. झालं. आता कुणाची हिंमत?

"याची खरंच गरज आहे?" बाई म्हणाल्या.

"पद्धत आहे," मी म्हणालो आणि त्यांचीही बॅग सील केली. शेवटी तार एकाच बॅगेपुरती उरली, आणि राहिल्या होत्या दोन बॅगा, माझी आणि मुलीची. कायदा स्वतःपासून सुरू व्हावा म्हणून ती मी माझ्या बॅगेला लावली. आजूबाजूचे पालक आदराने पाहत होते.

डोंगर कसा चढलो ते सांगत नाही. डोंगर मी पाहिलाच नाही, मला फक्त माझे बूट दिसत होते. मुलं पुढे, मी मागे, माझ्या पाठीवर काकूंची तीन पोरं. वर सपाटीवर पोचलो तेव्हा सगळी मुलं गोल करून बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. इतक्या आतुरतेने माझी वाट आजवर कुणी पाहिली नव्हती.

"काका, डबा खायचाय," एक मुलगा म्हणाला. "हे उघडा ना."

आमच्या खात्यात सील लावायचा चिमटा वेगळा आणि तोडायचा वेगळा. का, ते विचारायची पद्धत नाही. लावायचा चिमटा माझ्या खिशात होता. तोडायचा हरवू नये म्हणून मी तो नीट बॅगेत ठेवला होता. आणि मग बॅग सील केली होती.

हे मी बाईंना हळू आवाजात सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "माझ्याकडे चाकू आहे," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना चाकू कुठे आहे ते आठवलं.

"आई ओरडेल, पण चेन फाडू का?" एकाने विचारलं. "दातांनी तोडतो," दुसरा म्हणाला. शिसं विषारी असतं हे त्याला मी खात्याच्या वतीने समजावलं. मग मी एक दगड घेतला, बॅग खडकावर टेकवली आणि गोळीवर घाव घातला. घाव अंगठ्यावर बसला. ज्या अंगठ्याने जन्मात कुठल्या पारड्याला स्पर्श केला नव्हता, तोच हा अंगठा. मुलांपैकी कुणीतरी हसलं. मग सगळीच हसली. बाई पाठ करून दरीकडे पाहू लागल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

तेव्हा कन्या उठली. सगळ्या डोंगरावर उघडी असलेली एकुलती एक बॅग तिची होती. तिने बाजूच्या कप्प्यातून नेलकटर काढलं, बाईंच्या बॅगेपाशी गेली आणि कट् करून तार तोडली. मग पुढची बॅग. मग पुढची. मुलं तिच्यामागे रांगेत उभी राहिली. मी रांगेत शेवटी होतो.

"नेलकटर कसं काय आणलंस?" मी विचारलं.

"चालताना नख टोचलं तर बोट दुखतं, असं बाईंनी सांगितलं होतं. मी तेच सांगायला आले तेव्हा तू बॅटरीबद्दल बोलत होतास." तिने माझी तार तोडली, बॅग उघडली, आत हात घालून बायकोचा डबा काढला आणि माझ्या अंगठ्याला पट्टी बांधली. संध्याकाळी गुडघ्यांना मलमही तिनेच काढून दिलं. शिक्षकांसाठी आणलेलं होतं. पण बाईंचे गुडघे ठणठणीत होते. काकूंची रजई बाईंनी मागून घेतली, जमीन फार कडक आहे म्हणाल्या. बाकी सामानाचं म्हणाल तर छत्री तंबूच्या दारात उभी केली आणि ताडपत्रीवर जेवण झालं. सगळी मुलं ओळीने म्हणाली, "थँक्यू काका." ते छत्रीसाठी होतं की नेलकटरवालीच्या वडिलांसाठी, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी उतरताना कन्या माझ्यासाठी थांबली. माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, "बाबा, तू छान केलंस." मी सुखावलो. "बॅगेने नाही केलं," तिने पुरं केलं, "आण इकडे, माझ्यात अर्ध्या किलोची जागा आहे." आणि माझ्या खिशातून सील लावायचा चिमटा काढून तिने आपल्या बॅगेत टाकला.

सील तोडणं हा आमच्या खात्यात गंभीर गुन्हा समजतात आणि त्याचा अहवाल निरीक्षकाने करायचा असतो. तो मी अजून केलेला नाही. चिमटा तिने परत दिला, पण पुढच्या सहलीला तो घरीच राहील या अटीवर. पुढच्या सहलीला सोबत येणारा पालक म्हणून बाईंनी पुन्हा माझं नाव घातलं आहे. काकूंनी रजई धुऊन ठेवली आहे, मेहुणा दोरी घेऊन येणार आहे, बायकोने नवा ब्रश आणि नवा डबा दोन्ही आणले आहेत. पण बॅग कोण भरणार, हा वाद आता आमच्या घरात होत नाही. तिची ती भरते.

माझीही तीच भरते. मला फक्त काट्यावर उभं राहायला बोलावतात. केळी बंद आहेत.